जुन्या वस्तीत नवी इमारत : हरकत केव्हा, कोठे आणि कशी घ्यावी?

प्रास्ताविक

पणजी, मडगाव, म्हापसा किंवा फोंडा यांपैकी कोणत्याही शहराच्या मध्यवस्तीत एक दृश्य आता वारंवार पाहावयास मिळते. मंगळुरी कौलांचे, पुढे बलकांव असलेले जुने घर काही वर्षे बंद असते. परसातली विहीर, दोन-चार माड आणि एखादा फणस एवढीच त्या जागेची सोबत. मग एके दिवशी भोवती पत्रे लागतात आणि फलक उभा राहतो : खाली दुकाने, वर सदनिका. शेजारी एकत्र जमतात, सह्यांचे निवेदन तयार होते आणि ते संबंधित कार्यालयात दिले जाते. काही दिवसांनी उत्तर मिळते की बांधकाम आराखड्याप्रमाणे व नियमांनुसार आहे.

नागरिकांना वाटते, सरकार आपले ऐकत नाही. अधिकाऱ्यांना वाटते, लोक प्रत्येक बांधकामाला उगाच आडवे येतात. दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही ही कोंडी का होते, हा या अभ्यासलेखाचा विषय आहे. थोडक्यात सांगावयाचे तर, लोकांची चिंता बहुधा खरी असते. परंतु ती व्यक्त होण्याची वेळ आणि निर्णयाची वेळ यांत काही वर्षांचे अंतर पडलेले असते. हे अंतर कसे कमी करता येईल, ते आपण क्रमाक्रमाने पाहू.

जुनी घरे विकली का जातात?

प्रथम मूळ कारण ध्यानात घेतले पाहिजे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार मुलगा व मुलगी दोघांनाही वारसाहक्क आहे. ही तत्त्वतः अत्यंत न्याय्य व्यवस्था होय. परंतु दोन-तीन पिढ्यांनंतर एका घराचे अनेक वारस होतात. त्यांतील काही मुंबईला, काही आखाती देशांत, काही पोर्तुगाल वा इंग्लंडमध्ये असतात. कौले चाळणे, लाकूडकाम बदलणे, पावसाळ्यापूर्वी भिंती सावरणे हा खर्च कोणी करावयाचा, याचा निर्णय होत नाही. घरात जुना भाडेकरू असेल तर भाड्याची रक्कम दुरुस्तीला पुरत नाही. अशा वेळी कोणी विकासक प्रत्येक वारसाला एकेक सदनिका किंवा तिची किंमत देऊ करतो, तेव्हा सर्वांची संमती मिळते. म्हणून जुने घर पाडणारा मालक लोभी आणि शेजारी तेवढे सद्भावी, अशी विभागणी करणे बरोबर नाही.

अशा घरात भाडेकरू किंवा मुंडकार राहत असल्यास त्यांचे हक्क स्वतंत्र आहेत. १९६८ चा इमारत भाडेनियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा त्यांना आधार देतो. वस्तीतील चर्चेत या माणसांचा विसर पडतो. वास्तविक नव्या इमारतीमुळे सर्वप्रथम विस्थापित होण्याचा धोका त्यांनाच असतो.

चिंता मोजून पाहणे

"पाणी पुरणार नाही", "रस्ता तुंबेल" ही वाक्ये प्रत्येक निवेदनात असतात. ती खरी की खोटी हे साध्या गणिताने ताडून पाहता येते. उदाहरणादाखल २,००० चौरस मीटरचा एक भूखंड घेऊ. त्यावर ४०० चौरस मीटर छपराचे एक घर असून त्यात सहा माणसे राहतात, असे समजू.

आता तेथे चटई क्षेत्र निर्देशांक १५० लागू आहे असे धरू. गोव्यात हा निर्देशांक शेकड्यात सांगतात. १५० याचा अर्थ, भूखंडाच्या दीडपट क्षेत्रफळाचे बांधकाम सर्व मजले मिळून करता येते. म्हणजे ३,००० चौरस मीटर. जिने व मार्गिका वगळून २,४०० चौरस मीटर उरले आणि प्रत्येक सदनिका ६० चौरस मीटरची ठेवली, तर ४० सदनिका होतात. कुटुंबागणिक चार माणसे धरल्यास लोकसंख्या १६० होते.

पाणी : शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण देशात सर्वसाधारणपणे धरतात. जुन्या घराची गरज ८१० लिटर होती. नव्या इमारतीची गरज २१,६०० लिटर होईल.

सांडपाणी : वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे अभियंते धरतात. म्हणजे दररोज सुमारे १७,३०० लिटर. मलनिस्सारण वाहिनी असलेल्या भागात ते वाहिनीत जाईल. जेथे वाहिनी नाही, तेथे ते सेप्टिक टाकी व शोषखड्ड्यातून जमिनीत जाईल आणि शेजारच्या विहिरी किती अंतरावर आहेत हा प्रश्न गंभीर होईल.

वाहने : घरटी एक मोटार धरली तरी ४० मोटारी होतात. एका मोटारीस अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. ४० मोटारींस ५०० चौरस मीटर. वळण्याची व ये-जा करण्याची वाट धरल्यास ही गरज जवळजवळ दुप्पट होते. ही जागा इमारतीच्या आवारात नसेल, तर मोटारी रस्त्यावरच उभ्या राहणार.

पावसाचे पाणी : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमते. गोव्याच्या पावसाळ्यात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. पूर्वी ४०० चौरस मीटर छपरावरचे ४०,००० लिटर पाणी वाहून जाई. तेही बरेचसे परसात मुरे. नव्या रचनेत इमारत व फरसबंदी मिळून १,६०० चौरस मीटर जागा झाकली गेली, तर अशा दिवशी १,६०,००० लिटर पाणी गटाराकडे धावेल. पणजीत ओरेमच्या खाडीलगतचा मळा भाग सखल आहे, तर सांतिनेजचा नाला भर वस्तीतून मांडवीकडे जातो. अशा ठिकाणी हे चारपट पाणी कोणाच्या दारात साचेल, याचा विचार आधी व्हावयास हवा.

या गणिताचे दोन उपयोग आहेत. एक, चिंतेला आकार येतो. दुसरा, उपायही दिसू लागतात. छपरावरचे पाणी साठविणे वा जुन्या विहिरीत सोडणे, फरसबंदीऐवजी पाणी झिरपेल अशी जमीन ठेवणे, सांडपाण्यावर आवारातच प्रक्रिया करणे, या अटी घालून अनेक अडचणी सौम्य करता येतात. म्हणून प्रत्येक हरकत "इमारत नको" या शब्दांतच संपली पाहिजे असे नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र सौम्य करण्याजोगा नसतो. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोण येथील चावडी भागात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि ३१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत प्रामुख्याने पोटासाठी आलेले मजूर होते. जुन्या वस्तीत भिंतीला भिंत लागून घरे असतात. तेथे खोल पाया खणताना शेजारच्या दगडमातीच्या भिंतीला तडे जाणे सहज शक्य असते. त्याचप्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला राष्ट्रीय बांधकाम संहिता उंच इमारत मानते. आग लागल्यास तेथवर अग्निशामक बंब पोहोचेल का, हे रस्त्याच्या प्रत्यक्ष रुंदीवर अवलंबून असते, नकाशातील रुंदीवर नव्हे.

दुसरी बाजू

निष्पक्ष अभ्यासासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शहरात काम करणाऱ्या परिचारिका, शिक्षक, कारकून, दुकानातील नोकर यांना राहावयास घरे हवीत. ती मध्यवस्तीत मिळाली नाहीत, तर शहर आडवे पसरते. पणजीभोवती पर्वरी व ताळगाव येथे गेल्या काही दशकांत जी वाढ झाली, ती याच कारणाने. शहराचा एक मजला थांबविला म्हणजे एक शेत वाचले असे होत नाही; कित्येकदा नेमके उलट होते. मध्यवस्तीत बसथांबा, बाजार, शाळा, दवाखाना पायी जाण्याच्या अंतरावर असतो. म्हणून तेथील घरांना खरे तर वाहने कमी लागावयास हवीत.

याचबरोबर दुसरी एक वस्तुस्थिती विसरता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाच घरांपैकी एक घर रिकामे आढळले होते. त्यांत वारसांच्या वादात अडकलेली जुनी घरे आहेत, तशीच सुट्टीपुरती वापरण्यासाठी घेतलेली सदनिकाही आहेत. त्यामुळे "नवी घरे बांधली म्हणजे घरांची टंचाई दूर होईल" हे विधानही तपासूनच स्वीकारले पाहिजे. घर किती मोठे, किती किमतीचे आणि कोणाला परवडणारे, हे प्रश्न इमारतीच्या उंचीइतकेच महत्त्वाचे आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. "बाहेरचे लोक येतील", "अमुक जातीचे वा धर्माचे लोक येतील" ही नियोजनाची हरकत होऊ शकत नाही. नियोजन हे जमीन, पाणी, हवा, रस्ता व सुरक्षितता यांचा विचार करते. शेजारी कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार ते कोणालाही देत नाही. अशी वाक्ये निवेदनात आली की त्यातील न्याय्य मुद्देही दुबळे होतात.

निर्णयाचे तीन टप्पे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. भूखंडावर काय उभे राहणार, याचा निर्णय एका दिवशी होत नाही. तो तीन टप्प्यांत होतो.

पहिला टप्पा नकाशाचा. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली राज्यासाठी प्रादेशिक आराखडा आणि शहरी क्षेत्रांसाठी बाह्य विकास आराखडा तयार होतो. कोणती जमीन वस्तीची, कोणती व्यापारी वापराची, कोणता रस्ता किती रुंद होणार, हे या नकाशात ठरते. व्यापारी व निवासी विभागांच्या प्रत्येक उपवर्गाला किती बांधकाम करता येईल, हे २०१० च्या भूविकास व इमारत बांधकाम विनियमांत सांगितलेले आहे. म्हणजेच नकाशावर भूखंडाचा रंग बदलला की त्यावरील संभाव्य मजलेही बदलतात. आराखड्याच्या मसुद्याची सूचना प्रसिद्ध होते, तो पाहण्यासाठी ठेवला जातो आणि ठरलेल्या मुदतीत कोणीही व्यक्ती आपले म्हणणे लेखी मांडू शकते. कायद्याने सर्वसामान्य माणसाला दिलेली ही सर्वांत मोठी संधी होय.

दुसरा टप्पा परवानगीचा. मालक वा विकासक आपल्या इमारतीचा नकाशा नियोजन व विकास प्राधिकरणाकडे सादर करतो. जेथे प्राधिकरणाचे क्षेत्र नाही, तेथे नगर नियोजन खात्याची तांत्रिक मान्यता लागते. त्यानंतर नगरपालिका, महानगरपालिका किंवा पंचायत यांचा बांधकाम परवाना घ्यावा लागतो. जमीन अद्याप बिगरशेती झालेली नसेल तर १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली सनद लागते. आरोग्य खात्याचा ना-हरकत दाखला, आवश्यक तेथे अग्निशामक दलाचा दाखला, झाडे तोडावयाची असल्यास १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालील परवानगी, नदीकाठी असल्यास किनारी नियमन क्षेत्राची मान्यता, हे सर्व याच टप्प्यात येते. परंतु या टप्प्यावर प्रत्येक इमारतीसाठी जाहीर सूचना काढून जनतेच्या हरकती मागविण्याची सर्वसाधारण पद्धत नाही. अधिकाऱ्याने पाहावयाचे असते ते एवढेच की, सादर केलेला नकाशा नियमांत बसतो की नाही. बसत असेल, तर केवळ लोकांना आवडत नाही म्हणून तो नाकारणे त्याला शक्य नसते.

मोठ्या प्रकल्पांबाबतही स्थिती फारशी वेगळी नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामास पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. पण त्या अधिसूचनेने इमारत-बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. आपल्या उदाहरणातील ४० सदनिकांची इमारत तर या मर्यादेच्या फारच खाली आहे.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष बांधकामाचा. येथे मंजूर नकाशाप्रमाणे काम चालले आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. जादा मजला, बाजूच्या मोकळ्या जागेतील अतिक्रमण, वाहनतळाच्या जागी काढलेली दुकाने, रात्रीचा गोंगाट, शेजारच्या भिंतीला गेलेले तडे, अशा तक्रारी या टप्प्यावर कराव्यात. भोगवटा दाखला देण्यापूर्वी त्यांची शहानिशा व्हावयास हवी.

या तीन टप्प्यांकडे पाहिले म्हणजे कोंडीचे कारण उमगते. लोक जागे होतात ते पत्रे लागल्यावर, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी. त्यांचा आवाज सर्वाधिक उपयोगी पडतो तो पहिल्या टप्प्यात. त्या वेळी मात्र कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला नकाशा पाहावयास क्वचितच कोणी जातो. मजले फलकावर दिसतात, पण ठरतात नकाशात.

गोव्याने स्वतः शिकलेला धडा

नकाशाच्या टप्प्यावर लोक जागे झाले तर काय होते, याचे उदाहरण गोव्यातच आहे. ऑगस्ट २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. त्यात अनेक ठिकाणची हिरवी जमीन वस्तीच्या रंगात दाखविल्याचे लोकांच्या लक्षात आले. गोवा बचाव अभियानाच्या नावाने नागरिक एकत्र आले. त्यांनी नकाशांचा अभ्यास केला, जुना व नवा नकाशा शेजारी ठेवून फरक दाखविले, गावोगाव सभा घेतल्या. जानेवारी २००७ मध्ये शासनाने तो आराखडा मागे घेतला. पुढे प्रादेशिक आराखडा २०२१ साठी कार्यदल नेमण्यात आले. प्रसिद्ध वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा त्यात सहभाग होता. त्या आराखड्याचे गावनिहाय मसुदे पंचायतींकडे चर्चेसाठी पाठविण्यात आले.

या घटनेकडे शासनाचा पराभव किंवा जनतेचा विजय एवढ्याच दृष्टीने पाहणे उथळपणाचे होईल. तिचा खरा बोध असा की, नकाशा वाचता येणारा नागरिक शासनाच्या निर्णयाला वळण देऊ शकतो आणि शासनही आपला निर्णय बदलू शकते. मात्र जे काम एका आंदोलनात झाले, ते दर आराखड्याच्या वेळी शांतपणे, नेहमीच्या सवयीने व्हावयास हवे.

गोव्याबाहेरचेही एक उदाहरण उद्बोधक आहे. चंदीगडच्या मूळ नियोजित भागात एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरांचे मजलेवार तुकडे पाडून ते स्वतंत्र सदनिकांप्रमाणे विकले जात होते. तेथील रहिवाशांनी याला हरकत घेतली. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या त्या पहिल्या टप्प्याच्या भागात असे विभाजन करण्यास मनाई केली आणि शहरी विकासाला परवानगी देण्यापूर्वी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास व्हावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. रहिवाशांचे म्हणणे टिकले, याचे एक कारण असे की ते शहराच्या मूळ आराखड्यावर व नियमांवर उभे होते. गोव्यातही पणजीच्या फोंतेन्यशसारख्या भागाला संरक्षित वस्तीचे महत्त्व आहे. तेथील हरकत त्या दर्जाच्या आधारे घेतली तर ती केवळ जुन्या आठवणींची हळहळ राहत नाही.

हरकत कशी लिहावी?

पुढील दोन वाक्ये ताडून पाहावीत.

पहिले : "सदर इमारतीमुळे आमच्या वस्तीची शांतता व सौंदर्य नष्ट होणार आहे, तरी परवानगी देऊ नये."

दुसरे : "सदर भूखंडासमोरील रस्ता नकाशात सहा मीटर रुंद दाखविला आहे. आम्ही तीन ठिकाणी मोजला असता त्याची रुंदी कोठेही साडेचार मीटरहून अधिक आढळली नाही. तरी प्रत्यक्ष मोजणी होईपर्यंत परवानगीचा निर्णय घेऊ नये."

पहिल्या वाक्यामागील भावना खरी आहे. पण अधिकाऱ्याला त्यावर करण्याजोगे काही नाही. दुसऱ्या वाक्याची मात्र त्याला दखल घ्यावीच लागते, कारण त्यातील विधान तपासता येते आणि खरे ठरल्यास निर्णय बदलतो. चांगल्या हरकतीत पाच गोष्टी असाव्यात. भूखंडाचा सर्वेक्षण क्रमांक व ठिकाण. ज्या वस्तुस्थितीबद्दल तक्रार आहे ती, मोजमापासह. ज्या नियमाशी वा आराखड्याशी विसंगती दिसते त्याचा उल्लेख. कोणाला व कशा प्रकारे बाधा होते ते. आणि शेवटी नेमकी मागणी. मागणी परवानगी नाकारण्याचीच असावी असे नाही. अट घालण्याची, पाहणी करण्याची, नकाशात दुरुस्ती करण्याचीही असू शकते.

यासाठी आधी कागद मिळवावे लागतात. नगर सर्वेक्षणाचा उतारा किंवा गावात नमुना एक व चौदा, आराखड्यातील विभागाचा दाखला, मंजूर नकाशा व परवान्याच्या अटी, ही मुख्य कागदपत्रे होत. गोव्याने १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. आज २००५ च्या केंद्रीय कायद्याने ३० दिवसांत माहिती मिळण्याचा हक्क आहे. शिवाय ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली करावी लागते आणि त्याची माहिती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. या माहितीमुळे कित्येक शंका निवेदन लिहिण्यापूर्वीच फिटतात.

एका कागदावर पाचशे सह्या असण्यापेक्षा पाच स्वतंत्र व अभ्यासपूर्ण हरकती अधिक उपयोगी ठरतात. सह्यांची संख्या लोकांची कळकळ दाखविते. तिच्यावरून रस्त्याची रुंदी ठरत नाही.

अधिकाऱ्यांकडून अपेक्षा

जबाबदारी एकट्या नागरिकांवर टाकून भागणार नाही. आराखड्याची सूचना राजपत्रात व वृत्तपत्रात आली म्हणजे ती लोकांपर्यंत पोहोचली असे समजणे हा कार्यालयीन भ्रम आहे. नकाशा प्रभागनिहाय मोठ्या आकारात काढावा, त्यावर मंदिर, चर्च, शाळा, बाजार यांची नावे लिहावीत, आणि तो वाचनालयात वा नगरपालिकेच्या सभागृहात सुट्टीच्या दिवशीही पाहता यावा. तो समजावून सांगण्यास एक कर्मचारी हजर असावा. नकाशा लोकांना वाचता आला नाही, तर हरकतीची मुदत केवळ कागदोपत्री राहते.

आलेल्या प्रत्येक हरकतीची दिनांकित पोच द्यावी. ती मान्य झाली नाही तर का झाली नाही, हे दोन ओळींत का होईना, कारणासह कळवावे. "नियमानुसार आहे" हे उत्तर नसून निष्कर्ष आहे. कोणता नियम व कोणते मोजमाप, हे सांगितले तरच ते उत्तर होते. कारण कळले की माणूस नाराज झाला तरी अविश्वासू होत नाही. बांधकामाच्या जागी परवान्याचा क्रमांक व दिनांक दर्शविणारा फलक आहे की नाही, हेही पाहावे. जेथे जाहिरातीचा फलक मोठा व परवान्याचा फलक बेपत्ता, तेथे शंका उद्भवणारच.

शाळा आणि ग्रामसभा

शिक्षकांना या विषयात फार मोठे काम करता येईल. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून आपल्या वाड्याचा वा प्रभागाचा नकाशा काढून घ्यावा. रस्त्याची रुंदी फितीने मोजावी, सकाळी आठ व सायंकाळी सहा वाजता अर्धा तास वाहने मोजावीत, विहिरी, झाडे व बंद घरे यांची नोंद करावी. भूगोल, गणित व नागरिकशास्त्र यांचा असा संगम पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. दोन-तीन वर्षे सातत्याने केलेल्या अशा नोंदी पुढे आराखड्याच्या वेळी वस्तीला उपयोगी पडतील.

ग्रामस्थांनी हा केवळ शहराचा प्रश्न समजू नये. पणजीच्या नळाचे पाणी खांडेपारच्या नदीवरील ओपा येथून येते. शहरी भागातील कचऱ्यावर साळगावसारख्या गावाच्या हद्दीत प्रक्रिया होते. शहरातील प्रत्येक नव्या मजल्याचा धागा असा कोणत्या तरी गावाशी जोडलेला आहे. शिवाय आज जे शहराच्या मध्यवस्तीत घडते, ते उद्या गावच्या तिठ्यावर घडणार आहे. पंचायत क्षेत्रात बांधकाम परवाना १९९४ च्या पंचायत राज कायद्याखाली पंचायत देते. म्हणून ग्रामसभेत आराखड्याचा विषय निघेल त्या दिवशीची उपस्थिती महत्त्वाची आहे.

समारोप

घर हवे असणाऱ्याचा हक्क आणि शेजाऱ्याचा हक्क यांत नेहमीच विरोध असतो असे नाही. दोघांनाही तेच पाणी, तोच रस्ता आणि तीच हवा लागते. विरोध तीव्र होतो तो विचारविनिमय उशिरा झाल्यामुळे. म्हणून पुढच्या वेळी आराखड्याच्या मसुद्याची सूचना प्रसिद्ध होईल तेव्हा, घरातील एका माणसाने तरी जाऊन आपल्या गल्लीचा रंग पाहून यावा. तासाभराचे ते काम आहे. ते न केल्यास पुढे पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभे राहून वर्षानुवर्षे हळहळण्याची पाळी येते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या भागाला लागू असलेल्या आराखड्यात आपली गल्ली वा वाडा कोणत्या विभागात दाखविला आहे?

२. लेखातील उदाहरणात सदनिका ६० ऐवजी १२० चौरस मीटरच्या केल्यास पाणी, सांडपाणी व वाहने यांच्या आकड्यांत काय फरक पडेल? त्या सदनिका कोणाला परवडतील?

३. आपल्या वस्तीतील एखादे बंद जुने घर निवडा. ते पाडण्याऐवजी वापरात आणावयाचे असल्यास मालक, शेजारी व नगरपालिका यांनी काय करावे लागेल?

४. "वस्तीची शांतता भंग होईल" ही हरकत तपासता येण्याजोग्या शब्दांत पुन्हा लिहा.